पुण्याच्या नाना पेठेतलं गाड्यांचं स्पेअर पार्ट मार्केट: ४५ वर्षं तिथून माल उचलला, त्याचा हा रिव्ह्यू

मागच्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट, ४१ हजार ३०० रुपये, आणि खाली एवढंच लिहिलेलं की मामा हे बरोबर वाटतंय का. गाडी बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर झालेले, तक्रार काय तर खड्ड्यात पुढून आवाज येतो. आणि कागदावर पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा लोखंडी हात), लिंक रॉड (गाडी वळणावर कलू नये म्हणून असलेल्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी), स्ट्रट माउंटिंग (शॉकअपला वरून बॉडीला धरणारा भाग) आणि वर अख्खा स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा). म्हणजे पुढच्या चाकांपाशी जे जे नट काढून निघतं ते सगळं नवीन टाकायचं. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही, पण तो कागद बघून मला रात्री झोप लागली नाही हे खरंय, कारण आवाज नेमका कुठून येतो ते कोणी शोधलेलंच नव्हतं.

मी १९७५ ला रास्ता पेठेत एका गॅरेजवर रॉकेलमध्ये पार्ट धुवायला लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. नंतर सातारा रोडला स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं आणि २०२० ला बंद केलं, गुडघे साथ देत नव्हते आणि त्यात लॉकडाऊन आला. या सगळ्या वर्षांत नाना पेठेत चक्कर झाली नाही असा आठवडा क्वचितच गेला असेल, आधी उस्ताद पाठवायचे म्हणून सायकलवर, मग स्वतःच्या चेतकवर. त्यामुळे भाच्याला म्हटलं, पैसे भरू नकोस, रविवारी गाडी घेऊन ये, आपण आधी आवाज ऐकू आणि मग नाना पेठेत जाऊ. आता तिथून आणलेले पार्ट टाकून दोन हजार किलोमीटर झालेत म्हणून हे लिहायला बसलोय, कारण बऱ्याच लोकांना हे मार्केट आहे हेच माहीत नसतं, किंवा माहीत असलं तरी तिथे सगळा डुप्लिकेट माल मिळतो असं वाटतं आणि ते जात नाहीत.

आधी आवाजाचं सांगतो, कारण काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मार्केटमध्ये जाऊन काही उपयोग नाही. धायरीच्या आतल्या रस्त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू घेतली, काचा खाली, टेप बंद, भाचा गाडी चालवतोय आणि मी शेजारी. बारीक बारीक खडबडीत रस्त्यावर हलकी खडखड येत होती, डब्यात खडे हलवल्यासारखी, ती बहुतेक वेळा लिंक रॉडची असते. ब्रेक मारला की किंवा क्लच सोडला की एकच धप्प असा जाड आवाज, तो लोअर आर्मच्या मागच्या बुशचा, म्हणजे सांध्यातल्या रबराचा. आणि गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण वळवलं की वरच्या बाजूने कट्ट करून स्प्रिंग उडी मारल्यासारखी, ते स्ट्रट माउंटिंगचं बेअरिंग. शॉकअप म्हणाल तर बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला, गाडी एकदा वर आली आणि बसली, तेल गळाल्याची खूण नाही, टायर पण चढउतार होऊन घासलेले नाहीत. मग शॉकअप का बदलायचे? रॅकचं पण तसंच, चाक उचलून दोन्ही बाजूंनी हलवून बघितलं, रॅकपासून चाकाला जाणाऱ्या टाय रॉडला हात लावून बघितलं, काही खेळ नाही. एवढं करायला मला चाळीस मिनिटं लागली, आणि हे कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला येतं, यात काही मोठी विद्या नाहीये, फक्त वेळ द्यावा लागतो.

तर आता मार्केट. नाना पेठेत गाडी घेऊन जाऊ नका, पहिली गोष्ट. पार्किंग मिळत नाही, गल्ल्या अरुंद, त्यात टेम्पो माल उतरवत असतात. मी हल्ली स्वारगेटवरून मेट्रोने मंडईला उतरतो आणि तिथून चालत जातो, माझ्या गुडघ्यांनी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रविवारी मी जात नाही, आणि पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या दोन दिवसांत तर अजिबात जाऊ नका, तुकोबांची पालखी नाना पेठेतच निवडुंग्या विठोबाला उतरते आणि माउलींची बाजूला भवानी पेठेत, तेव्हा तो भाग वारकऱ्यांचा असतो आणि तसाच असायला पाहिजे. सकाळी अकराच्या सुमारास जावं, दुकानदाराला बोलायला वेळ असतो. संध्याकाळी काउंटरवर गॅरेजची पोरं रांगेत उभी असतात, तेव्हा तुमच्या एका बुशसाठी कोणी चार डबे खाली काढणार नाही.

जाताना दोन गोष्टी घेऊन जा. एक, आरसीवरचा चेसिस नंबर, पूर्ण १७ अक्षरं-आकड्यांचा, फोटो काढून ठेवला तरी चालतो. कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी पार्ट बदललेला असतो, बाहेरून दिसायला सेम पण बोल्टचं भोक दोन मिलिमीटर इकडेतिकडे, आणि मग मेकॅनिक भोक घासून बसवतो आणि तुम्हाला सांगतही नाही. दुसरी गोष्ट, जमलं तर जुना पार्ट. तो नसेल तर त्यावर कोरलेला नंबर. मी पहिल्या दिवशी फक्त चौकशी करून आलो, दुसऱ्या वेळी भाच्याची गाडी मेकॅनिककडे उभी करून एक बाजूचा आर्म काढून पिशवीत घालून नेला. एवढे कष्ट कशाला असं भाच्याला वाटत होतं पण नंतर कळलं त्याला.

आता डब्यांचं सांगतो, हे नीट वाचा, कारण सगळे पैसे इथेच वाचतात किंवा इथेच बुडतात. एकाच पार्टचे तिथे तीन-चार भाव मिळतात. पहिला कंपनीचा डबा, म्हणजे ज्या कंपनीची गाडी तिच्या नावाचा. दुसरा मेकरचा डबा. कार कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही हे लोकांना माहीत नसतं, शॉकअप एक कारखाना बनवतो, बेअरिंग दुसरा, क्लच तिसरा, आणि आपल्या पुण्याच्या आजूबाजूलाच यातले कितीतरी आहेत, चिंचवडला बेअरिंग बनतात, चाकणला शॉकअप बनतात, मुंढव्याला क्रँकशाफ्टचं फोर्जिंग होतं. तोच कारखाना तोच माल स्वतःच्या नावाच्या डब्यात बाजारात पण देतो. आमच्या आर्मची जोडी कंपनीच्या डब्यात ४,४०० सांगितली आणि ज्याने तो आर्म कंपनीला पुरवला त्याच्याच डब्यात २,९००. दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघितले, वेल्डिंगचा मणी सेम, बुशच्या रबरावरचा साचा सेम, फोर्जिंगवरचा शिक्का सेम. मग मी १,५०० रुपये डब्याच्या प्रिंटिंगचे का देऊ? तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याच कोणीतरी बनवलेला पण स्वतःच्या नावाने विकलेला माल, यात काही खूप चांगले आहेत आणि काही अगदीच रद्दी, इथे माहितीचाच माणूस पाहिजे. आणि चौथा, डुप्लिकेट, म्हणजे नाव दुसऱ्याचं आणि माल भलताच.

पेठेत डुप्लिकेट मिळतो का, तर मिळतो, खोटं कशाला सांगू. मला पहिल्या दिवशी एका दुकानात लिंक रॉड दाखवला, कंपनीचाच आहे काका, घ्या डोळे झाकून. दुकानाचं नाव सांगणार नाही. डबा बघितला तर रंग जरा फिका, लेबलवरची छपाई पुसट आणि एमआरपीचं स्टिकर दुसऱ्या स्टिकरवर चिकटवलेलं. रॉड हातात घेऊन बॉल जॉइंट, म्हणजे टोकाचा गोळीचा सांधा, फिरवला तर एकदम सैल, लोण्यात बोट फिरवल्यासारखा. नवीन लिंक रॉडचा जॉइंट हाताने हलवायला जोर लागतो, अडकत-अडकत नाही पण घट्ट, एकसारखा, सगळीकडे सारखा. सैल असला तर महिन्याभरात खडखड परत सुरू. रबरी टोपी दाबून बघितली तर आत ग्रीस जवळजवळ नाहीच. मी काही बोललो नाही, परत ठेवला आणि बाहेर आलो. पण हेच जर ऑनलाइन मागवलं असतं तर मला फक्त डब्याचा फोटो दिसला असता, जॉइंट फिरवून बघता आला नसता, आणि हाच मुद्दा आहे माझा. या मार्केटची खरी किंमत स्वस्त मिळतं यात नाहीये, पार्ट पैसे देण्याआधी तुमच्या हातात येतो यात आहे.

हातात आल्यावर बघायचं काय? बेअरिंग असेल तर कानाजवळ धरून हळू फिरवायचं, चांगल्याचा आवाज येत नाही, वाईटाचा वाळू घासल्यासारखा येतो. बुश असेल तर रबरात नख रोवायचं, नख काढल्यावर खूण लगेच भरून आली पाहिजे, आणि वास घ्यायचा, जुन्या टायरच्या भुकटीचं रबर असलं की उग्र वास येतो आणि हाताला काळं लागतं. ऑइल फिल्टर असेल तर भोकांतून आत बघायचं, तेल उलटं जाऊ नये म्हणून आत एक रबराचा पडदा असतो, तो नसला किंवा कडक पुठ्ठ्यासारखा असला तर सकाळी इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद तेल वर पोचायच्या आधीच टपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतात, आणि असं रोज होत राहिलं तर इंजिनचं आयुष्य कमी होतं. शंभर रुपये वाचवायच्या नादात दीड लाखाचं इंजिन घासायचं. ब्रेक पॅड असेल तर मागच्या लोखंडी पट्टीवर मसाला एकसारखा चिकटलाय का, कडेला फट नाही ना, ते उजेडात धरून बघायचं. ब्रेक पॅड, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि टायमिंग बेल्ट या चार गोष्टींत मी कधीच तिसऱ्या प्रकारात गेलो नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. बॉल जॉइंट सुटला की चाक आडवं पडतं आणि टायमिंग बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. आणि रबराचा कुठलाही माल घेताना डब्यावरची तारीख बघा, पाच-सहा वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला बेल्ट नवा कोरा दिसत असला तरी तो नवा नाहीये.

ज्या दुकानातून शेवटी माल घेतला तिथे काउंटरवर एक वयस्कर शेठ बसतात. मी म्हटलं लोअर आर्म पाहिजे, तर त्यांचा पहिला प्रश्न, जुना आणलाय का? पिशवीतून काढून दिला. त्यांनी बॉल जॉइंट हलवला, बुश उलटसुलट करून बघितला आणि विचारलं फक्त बुश टाकायचे का, २५० ला एक देतो, प्रेसवर दाबून पण मिळतील इथेच. या एका प्रश्नासाठी मी त्या माणसाला मानलं. २,९०० चा माल विकायची संधी असताना तो ५०० चा पर्याय आधी सांगतोय. पूर्वी आम्ही असंच करायचो, बुश गेला तर बुश बदलायचा, आर्म लोखंडाचा, त्याला काय होतंय. आता बऱ्याच गाड्यांना कंपनी बुश सुटा देतच नाही, अख्खा आर्म घ्या म्हणते, आणि नाना पेठेत मात्र तो सुटा मिळतो, कारण कोणीतरी तो बनवतोय आणि कोणीतरी मागतोय. आमच्या गाडीचे बॉल जॉइंट पण ९४ हजारात ढिले झाले होते म्हणून मी पूर्ण आर्मच घेतला, पण ते त्यांनी मला दाखवून दिलं आणि निर्णय माझ्यावर सोडला. बिल न मागता पक्कं दिलं. जीएसटीचं लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर १८ टक्के आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, त्यामुळे जुन्या एमआरपीच्या डब्यावर कोणी जुन्याच भावाने अडून बसला तर दुसऱ्या दुकानात जा.

त्या दुकानात उभं असताना एक कॉलेजचा मुलगा बंपर घ्यायला आला होता, माझं आणि शेठचं बोलणं ऐकून म्हणाला काका, तुम्ही मेकॅनिक, तर सांगा कुठल्या गाडीची बिल्ड क्वालिटी बेस्ट, मी तर अंगठ्याने पत्रा दाबून बघतो. हा प्रश्न मला लग्नात, मयतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे विचारतात. मी त्याला सांगितलं तेच इथे लिहितो. बाहेरचा पत्रा दाबून काही कळत नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपासच असतो, कोणी आतून पट्टी जास्त लावली तर कडक लागतो, एवढंच. माणूस वाचतो तो आतल्या सांगाड्यामुळे, पिलर, दाराखालची बीम, समोरचे दोन रेल, हे कुठल्या स्टीलचे आहेत आणि धडकेत कुठे चुरगळतात आणि कुठे ताठ राहतात त्यावर. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या संस्थेने, आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या स्पीडला धडकवल्या, पाचही शून्य स्टार. त्यातल्या काहींचा सांगाडा टिकला होता पण एअरबॅगच नव्हत्या, म्हणजे डबा शाबूत आणि आतला माणूस गेला. नंतर २०१८ च्या डिसेंबरमध्ये टाटाच्या नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, तीही आपल्या रांजणगावला बनणारी गाडी, तेव्हा मला खरंच छाती भरून आली होती, कारण आपल्याकडे असं बनू शकत नाही असं लोक माझ्यासमोर बोलायचे. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. हे सगळं पत्रा दाबून कळणार आहे का?

आणि दुसरी एक बिल्ड क्वालिटी असते जी फक्त गाडी उघडणाऱ्याला कळते. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली तेव्हा आमचे उस्ताद, ज्यांचे हात अँबॅसडर आणि फियाटवर बसलेले, ते म्हणाले हा पत्र्याचा डबा आहे, दोन वर्षांत संपेल. अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, दर थोड्या दिवसांनी ग्रीसगन घेऊन खाली झोपायचं. आणि हा ७९६ सीसीचा तीन सिलिंडरचा डबा काही मागतच नव्हता, तेल बदला, पॉइंट घासा, चालू. दोन वर्षांनी उस्तादांनीच आपल्या मेव्हण्याला तीच घ्यायला लावली. धडकेत ती वाचवेल असं मी म्हणणार नाही, पण उघडल्यावर तिच्यात एकही बोल्ट वेड्या जागी नव्हता, मशीन समजून-उमजून बनवलेलं होतं. २०१४ ला तिचं प्रॉडक्शन बंद झालं आणि नाना पेठेत तिचे पार्ट मी आजही बघतो. तर माझी बिल्ड क्वालिटी ही. दहा वर्षांनी बोल्ट तुटल्याशिवाय निघतो का, दाराच्या खाली पाणी जायची भोकं आहेत का की पाणी साचून दार आतून सडतंय, वायरिंग सायलेन्सरपासून लांब क्लिपने बांधलंय का, आणि हेडलाइटचा बल्ब हाताने बदलता येतो की त्यासाठी बंपर काढावा लागतो. नवीन गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये बॉनेट उघडून सेल्समनला म्हणा बल्ब बदलून दाखव, काय करतो बघा.

त्या मुलाला बंपरबद्दल पण एक सांगितलं, ते इथे पण सांगायलाच पाहिजे. लोक ज्याला बंपर म्हणतात ते प्लास्टिकचं कव्हर आहे, खरा बंपर म्हणजे त्याच्या आतली लोखंडी पट्टी. ठोकल्यावर लोक नाना पेठेतून अडीच हजाराचं कव्हर आणतात, रंग मारतात, गाडी नवी दिसते, आणि आत ती पट्टी वाकलेली तशीच किंवा काढून टाकलेली. मी सेकंडहँड गाडी बघायला जातो तेव्हा आधी खाली वाकून तीच बघतो. आणि पुढे तो स्टीलचा गार्ड लावू नका, २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्राने त्यावर कारवाई करा असं राज्यांना कळवलंय, तो मार थेट चेसिसवर नेतो आणि एअरबॅगचं गणित बिघडवतो, शिवाय समोर पायी चालणारा माणूस आला तर त्याचं काय होईल. पेठेत तो टांगलेला दिसेल, तरी घेऊ नका.

आता फिटिंग. चांगला पार्ट आणला म्हणजे काम झालं असं नसतं, आणि इथे मला जरा वेळ घालवायचाय कारण हे मी आयुष्यभर पोरांना सांगत आलोय. भाच्याच्या घराजवळच्या मेकॅनिककडे गाडी जॅकवर घेतली होती, घोड्या लावल्या होत्या, मी स्टूल घेऊन बाजूला बसलो. पोरगा चांगला होता, हात साफ, पण नवीन आर्म बसवला आणि चाक हवेत लोंबकळत असतानाच बुशचा बोल्ट गनने पूर्ण आवळायला लागला. म्हटलं थांब बाळा, तो आत्ता नुसता टेकव, गाडी चाकांवर उतरव, मग आवळ. तो बघतच राहिला. कारण असं आहे, बुशच्या आत एक लोखंडी नळी असते, बाहेर एक, आणि दोघींमध्ये रबर चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीला जाम होते. चाक लोंबकळताना जाम केली आणि मग गाडी खाली उतरवली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी पिळलेलं. मग खड्ड्यात ते आणखी पिळतं, सहा महिन्यांत फाटतं, आवाज परत सुरू, आणि गिऱ्हाईक म्हणतं नाना पेठेचा माल डुप्लिकेट निघाला. किती चांगले पार्ट असे बदनाम झाले असतील याचा हिशोब नाही. गाडी तिच्या रोजच्या उंचीवर असताना आवळलं की रबर मोकळं राहतं, वर-खाली दोन्हीकडे सारखं वळतं. पोराने पुन्हा ढिला केला, गाडी रॅम्पवर चढवून खालून आवळला, आणि दुसऱ्या बाजूला त्याने आपणहून तसंच केलं. मला बरं वाटलं.

खर्च सांगतो. आर्मची जोडी २,९००, लिंक रॉडची जोडी ९००, स्ट्रट माउंटिंग बेअरिंगसकट दोन्हीकडची १,६००, मजुरी १,५००, चाकांची अलाइनमेंट ५००. वर ३५० ची पेट्रोलची नळी आणि क्लिपा घेतल्या, कारण हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल असतं आणि बारा वर्षांपूर्वीच्या गाडीची रबरी नळी त्यासाठी बनवलेली नसते, भाच्याच्या गाडीच्या नळीला दाबल्यावर बारीक चिरा दिसत होत्या. जुनी गाडी असेल तर ही नळी एकदा दाबून बघाच, पेट्रोल गळून गरम इंजिनवर पडलं तर आग लागते. सगळे मिळून ७,७५०. शॉकअप आणि रॅक जुनेच आहेत आणि गाडी शांत चालतेय.

सर्व्हिस सेंटरला जाऊच नका असं मी म्हणत नाहीये. एअरबॅग, एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) कॉम्प्युटर, वॉरंटीतली गाडी, यासाठी तिथेच जा, ही कामं गल्लीत होत नाहीत आणि नाना पेठेतून जुनी एअरबॅग तर चुकूनही आणू नका. पण पाच-सहा वर्षं झालेल्या गाडीला सस्पेन्शन, ब्रेक, क्लच, इंजिन माउंटिंग, रेडिएटर, बेअरिंग, फिल्टर, यात या मार्केटला तोड नाही. ते १.३ चं डिझेल इंजिन, १२४८ सीसीचं, जे कितीतरी कंपन्यांनी आपापल्या गाड्यांत घातलं आणि एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर नव्या गाड्यांतून गेलं, त्याची टायमिंग चेन, टेन्शनर, वॉटर पंप सगळं काउंटरवर मिळतं. ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांना हा मोठा आधार आहे, नाहीतर चांगली चालणारी गाडी एका पार्टपायी भंगारात जाते, आणि ते मला बघवत नाही.

हत्यारं घ्यायची असतील तर टापारियाचे पाने नवीन घ्या, टिकतात. जुने चांगले पाने हवे असतील तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जा, मी माझा १९ चा रिंग पाना तिथूनच घेतलेला, अजून तोंड पसरलेलं नाही त्याचं.

पाचपैकी चार स्टार देतो. एक स्टार कापतोय तो डुप्लिकेट विकणाऱ्यांमुळे, कारण माझ्यासारखा माणूस जॉइंट फिरवून ओळखतो पण भाच्यासारखा माणूस ओळखू शकत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याच्याच गाडीत बायकापोरं बसलेली असतात. असा माल सापडला तर घेऊ नका, बाजूच्या दुकानात जा, आणि जुना पार्ट दाखवा म्हणणारा दुकानदार मिळेपर्यंत फिरा. पुढच्या आठवड्यात शेजारच्या कुलकर्ण्यांच्या गाडीचं इंजिन माउंटिंग आणायला जातोय, न्यूट्रलला थरथरते म्हणतात, आधी ऐकतो आणि मग पिशवी उचलतो.